परमुलुखातली तुळस

वरंधा घाटाच्या माथ्यालगत शिरगावापाशी नीरा उगम पावते आणि पूर्वेकडे उतरू लागते. तिच्या दोन्ही काठांचा हा डोंगराळ टापू म्हणजे जुना हिरडस मावळ. हिर्डोशी याच खोऱ्यातले, भोरहून महाडकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. भात, नाचणी आणि वरईची शेती, चार महिने न उघडणारा पाऊस आणि उतारांवरची हिरड्याची झाडे ही इथली ओळख. इतिहासाच्या पुस्तकांत हा मुलूख बांदल देशमुखांचा आणि बाजीप्रभू देशपांड्यांचा म्हणून येतो आणि १६६० सालच्या घोडखिंडीच्या लढाईपाशी थांबतो. पण याच माणसांचा झाडांशी असलेला व्यवहार हाही इतिहासच आहे, आणि तो लढायांपेक्षा जास्त काळ चालला. या खोऱ्याने दोन तऱ्हेच्या बागा सांभाळल्या. एकीला हात लावायचा नाही आणि दुसरीला रोज हात लावायचा. पहिली देवराई; दुसरी म्हणजे अंगणातली तुळस आणि तिच्या आसपासची परसबाग. माझे म्हणणे असे आहे की माणसे गाव सोडून मुंबईला, धरणाखालच्या मैदानात आणि पुढे साता समुद्रापार गेली तेव्हा त्यांच्या श्रद्धेचा सगळा भार या दुसऱ्या बागेवर आला. तो तिला पेलला, कारण आपल्या परंपरेत ती मुळापासूनच सोबत नेण्यासारखी होती. मात्र पहिल्या बागेची जागा ती घेऊ शकली नाही, आणि जे राहून गेले त्याचे देणे परमुलुखात तुळस वाढवणाऱ्यांवर अजून आहे.

आधी देवराईचे पाहू. भोर, वेल्हे आणि मुळशी या तालुक्यांत गावदेवीच्या किंवा म्हसोबा-वाघजाईसारख्या दैवताच्या भोवती राखलेले रान असते. कुठे ते काही गुंठ्यांचे, कुठे काही एकरांचे. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या या रानांची गावोगाव फिरून पाहणी केली आणि त्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. तोवर ज्याला अडाणी समजूत म्हटले जाई ते वनस्पतींचे जिवंत भांडार आहे, हे त्या कामामुळे शिकलेल्या जगाला कळले. आजूबाजूचा डोंगर बोडका झालेला असतानाही देवराईत आंबा, जांभूळ, बेहडा आणि अंजन यांची जुनी खोडे उभी असतात; माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीचे वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले दिसतात. नियम साधे आणि कडक. कुऱ्हाड आत न्यायची नाही, पडलेले लाकूडही घरच्या चुलीसाठी उचलायचे नाही, आणि देवळाच्या कामासाठी एखादे झाड हवेच असेल तर देवीला कौल लावायचा. देवाची पूजा आणि पत्री गुरवाकडे, आणि राखण साऱ्या गावाकडे. अनेक देवरायांत बारमाही झरा असतो आणि चैत्र-वैशाखात तळातल्या विहिरी आटल्या तरी त्याला पाणी राहते. ही बाग कुणी लावली नाही आणि कुणी शिंपली नाही. ती टिकली ती गावाने स्वतःचा हात आवरला म्हणून.

इथे पहिला आक्षेप येतो. देवराई भीतीने राखली गेली, देवीचा कोप होईल म्हणून कुणी फांदी तोडली नाही. मग तिच्यात आनंद आणि श्रद्धा शोधणे हा शहरी भाबडेपणा नव्हे काय? भीती होती हे नाकारण्यात अर्थ नाही. फांदी तोडली आणि घरात आजारपण आले, अशा कथा जवळपास प्रत्येक देवराईला चिकटलेल्या आहेत. पण निव्वळ भीतीने एवढी शतके रान राखले जात नाही. जत्रेचा दिवस, पालखी, त्या सावलीत शिजणारे गावजेवण, लेकी-सुनांच्या ओट्या, नवसफेडीचे नारळ हे सगळे त्याच रानाच्या कडेला घडत आले. गावातल्या माणसाच्या आयुष्यातला मोठा आनंद या झाडांखाली साजरा होई. शिवाय भीतीचा धाक किती पुरतो याची परीक्षा विसाव्या शतकात झालीच. वेल्ह्याच्या डोंगरात रस्ते आले, त्यांच्यामागून लाकूड आणि कोळशाचे व्यापारी आले. पानशेतच्या धरणाबरोबर त्या खोऱ्यातले आंबे आणि हिरडे कसे कवडीमोलाने तुटले, हे गाडगीळांनी लिहून ठेवले आहे. मालकीच्या उतारावरची झाडे गेली तरी बऱ्याच देवराया उभ्या राहिल्या. हिरड्याच्या झाडालाही तोवर किंमत होती. त्याचे फळ कातडी कमावण्यासाठी मुंबई बंदरातून विलायतेला जाई. तरी रोकड पुढे आल्यावर हिरडा तुटला आणि देवीचे रान राहिले. ज्या झाडाला फक्त दाम होता त्याच्यापेक्षा ज्याला मान होता ते झाड जास्त टिकले.

दुसरी बाग कष्टाची. ती तेवढीच जुनी आहे आणि तिच्याविषयी लिहिलेलेही बरेच सापडते. रामचंद्रपंत अमात्यांच्या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे घ्यावे याची कलमे आहेत. रयतेने दीर्घकाळ पोटच्या मुलासारखी जोपासलेली आंब्या-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही, असा त्यांचा आशय आहे. राज्य चालवणाऱ्याने झाड आणि झाड वाढवणारा यांच्यातले नाते ओळखले आणि ते कारभाराच्या नियमात आणले, याला महत्त्व आहे. वरंधा घाट उतरला की शिवथरघळ लागते. तिथे समर्थ रामदासांचे वास्तव्य होते आणि दासबोधाशी त्या जागेचे नाव जोडलेले आहे. मराठवाड्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या आणि पुढे घरापासून दूर याच डोंगरांत राहिलेल्या या संन्याशाच्या नावावर 'बागप्रकरण' नावाची रचना आहे, तीत कितीतरी झाडा-वेलींची नावे ओळीने येतात. प्रपंच सोडलेल्या माणसालाही बाग हा सांगण्याजोगा विषय वाटला. आंबा, फणस, केळ, जास्वंद, कण्हेर आणि या सगळ्यांच्या मधोमध वृंदावनातली तुळस: मराठी घराच्या अंगणाचा हा आराखडा सतराव्या-अठराव्या शतकांत पक्का झालेला दिसतो.

या बागेला धर्माचा आधार वारकरी परंपरेने दिला. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी यांची समाधी १२९५ सालची मानतात. ते पंढरीला गेले नाहीत, आपल्या मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला, अशी परंपरा आहे, आणि आजही विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून अरणला सावतोबांच्या भेटीला जाते. या रूढीचा अर्थ फार मोठा आहे. जो आपल्या वाफ्याला पाणी देत राहिला त्याच्याकडे देवाने चालत यावे, हे तिने मान्य केले आहे. तीर्थाला जाणे चुकले म्हणून भक्ती उणी होत नाही. हातातले काम श्रद्धेने केले तर ती जागाच तीर्थ ठरते. परमुलुखात अडकलेल्या माणसाला याहून मोठे आश्वासन दुसरे कुठले असणार? त्याच परंपरेने तुळशीला चालायलाही शिकवले. आषाढीच्या वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया दिंडीत चालतात. रोप, माती आणि वृंदावन असे अख्खे अंगण डोक्यावर घेऊन मैलोगणती वाट तुडवली जाते. ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना वाटेत नीरा स्नान घडते, तुकोबांच्या पादुकांना सराटीला घडते, आणि ते पाणी हिरडस मावळातून आलेले असते. देवराई जागची हलत नाही. तुळस मात्र शेकडो वर्षे वाट चालते आहे. तेव्हा परदेशातल्या कुंडीकडे नाइलाजाची तडजोड म्हणून पाहण्याचे कारण नाही.

तुळस म्हणजे केवळ अंगणाची शोभा, तिला श्रद्धेचे एवढे वजन कशाला, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर गोव्याच्या इतिहासात आहे. पोर्तुगीज राजवटीतल्या इन्क्विझिशनने १७३६ साली एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांनी कोणत्या जुन्या चालीरीती पाळू नयेत याची लांबलचक यादी त्यात आहे आणि घरात, अंगणात किंवा बागेत तुळस लावण्याला तीत स्पष्ट मनाई आहे. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात तो जाहीरनामा पुढे आणला. धर्म बदलून पिढ्या उलटल्या, देवळे पाडली गेली, नावे बदलली, तरी परसातले एक रोप सत्तेला खुपत होते. कारण त्या रोपाला रोज पाणी घालणारा हात काय करतो आहे हे सत्तेला नीट कळले होते. त्याच गोव्यात सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा यांच्या भक्तांनी आपली दैवते नदीपलीकडे नेली आणि प्रियोळला व कवळ्याला पुन्हा स्थापली. देव हलवता येतो आणि रोपही. मागे राहते ती जमीन, ते तळे आणि ती राई.

हिरडस मावळाच्या माणसाला पहिला परमुलूख घडला तो मुंबईचा. १८५० च्या दशकात मुंबईत कापड गिरण्या सुरू झाल्या. पुढच्या शंभर वर्षांत कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत, गोदीत आणि बाजारांत माणसांचा ओघ लागला. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात पाऊस उदंड, पण पीक पावसाळ्यापुरते आणि जमीन तुकड्यांची. त्यामुळे घरटी एखादा तरी गडी मुंबईला धाडणे ही रीतच झाली. एकेका गावची माणसे एका गाळ्यात राहत, गावाच्या नावाने मंडळ काढत, जत्रेची वर्गणी गोळा करून धाडत आणि रजा काढून जत्रेला येत. म्हणजे देवराईशी नाते वर्षाकाठी एका फेरीचे उरले. उरलेल्या दिवसांसाठी चाळीच्या गॅलरीत तुळस आली. वनस्पती तुपाचा रिकामा डबा, त्याच्या बुडाला खिळ्याने पाडलेली भोके, कठड्याला तारेने बांधलेली बूड-मान, आत कुणी गावाहून येताना फडक्यात बांधून आणलेली माती, आणि डब्याच्या गंजलेल्या पत्र्यावर ओल्या कुंकवाचे बोट. गिरणीच्या भोंग्याआधी उठलेली बाई तोंडाने काही पुटपुटत त्यात तांब्यातले पाणी ओती. गिरणगावातल्या मराठी घराचे देवत्व एवढ्याशा पत्र्यात मावत असे.

या डब्यात आणखी एक बदल झाला आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. देवराईत अधिकार पुरुषांचा होता. पूजा गुरवाची, कौल लावणार गुरव किंवा भगत, पालखीचे मान ठरावीक घराण्यांचे. अनेक देवरायांत बायकांना आतल्या ठाण्यापर्यंत जाण्याला मज्जाव होता आणि काही ठिकाणी तो अजून आहे. चाळीत गुरव नव्हता. बेल, दूर्वा, आघाडा आणून देणारा बलुतेदार नव्हता आणि मानकऱ्यांची उतरंडही नव्हती. तिथे देवाच्या झाडाची सारी जबाबदारी घरच्या बाईकडे आली. माती कुठून आणायची, मंजिऱ्या केव्हा खुडायच्या, सुकलेले रोप कधी काढायचे आणि नवे कधी लावायचे, हे तिनेच ठरवले. तुळस हे उच्चवर्णीय अंगणाचे लक्षण आहे, मावळच्या कुणब्याचे खरे दैवत म्हसोबा आणि काळूबाई, असे म्हणणारे अर्धेच बरोबर आहेत. वारकरी माळेने तुळस कुणब्याच्या, माळ्याच्या आणि शिंप्याच्या गळ्यात कधीच नेली होती, आणि चाळीने ती सर्व जातींच्या गॅलऱ्यांत नेली. गावच्या रानात ज्यांना कडेला उभे राहावे लागे त्यांना परमुलुखातल्या बागेत मधोमध जागा मिळाली. तिथल्या आनंदाला या मोकळेपणाचाही रंग आहे.

दुसरा परमुलूख पाण्याने आणला. नीरेला मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर भाटघरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण झाले आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्याजागी मोठे लॉइड धरण उभे राहिले. भोर तेव्हा पंत सचिवांचे संस्थान होते. ते भारतात विलीन झाले ८ मार्च १९४८ रोजी. धरणाचे पाणी बारामती, इंदापूर, फलटण आणि माळशिरसकडच्या कालव्यांत गेले, आणि वेळवंडीकाठच्या गावांची शेते व देवळे तळाशी गेली. कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ भर उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजून उघडे पडते आणि लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. शतक पालटण्याच्या सुमारास खुद्द नीरेवर देवघरला सुमारे पावणेबारा टीएमसीचे धरण झाले आणि हिरडस मावळातली माणसे पुन्हा उठली. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला आणि लाभक्षेत्रात जमीन देण्याचे तत्त्व मान्य केले. ते त्या काळी देशात पुढारलेले पाऊल होते. नव्या गावठाणात शाळा, पिण्याचे पाणी, रस्ता, समाजमंदिर, स्मशानभूमी आणि गायरान द्यायचे असते. देवराई त्या यादीत नाही. तिची मोजणी झाडांच्या किमतीत होते, आणि जिथले झाड कधी विकायचेच नव्हते तिथे किंमत लावून काय मोजले जाते?

आता सर्वांत कठीण आक्षेप. श्रद्धा अशी कुंडीत घालून नेता येते म्हणता, तर धरण बांधणाऱ्याचे काय चुकले? देव घेऊन जा, तुळस घेऊन जा, राई बुडू द्या, असे तोही म्हणेल. हा धोका खरा आहे आणि म्हणूनच दोन बागांतला फरक धरून ठेवला पाहिजे. तुळस घराची आहे, देवराई गावाची. तुळस सोबत आली म्हणजे घरची पूजा आली. पण साऱ्या गावाने मिळून हात आवरणे, एका झऱ्यावर सर्वांचा हक्क असणे, भांडण देवीसमोर मिटवणे यांतले काहीही कुंडीत येत नाही. डोंगरातला गारंबीचा वेल फलटणकडच्या कोरड्या मातीत रुजत नाही, आणि शंभर वर्षांचे रान सरकारी आदेशाने उगवत नाही. माणूस वाईटातून आपल्यापुरता आनंद उभा करतो हे त्याचे मोठेपण. ते वाईट करणाऱ्याचे समर्थन ठरत नाही. मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या साथीने टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो याच जाणिवेतून. जमीन म्हणजे नुसते पीक नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. परमुलुखातल्या तुळशीचे कौतुक करताना हा हिशेब पुसला जाऊ नये.

मराठी माणूस याच्याही पलीकडे गेला तेव्हा काय झाले? मॉरिशसचा दाखला इथे बोलका आहे. १८३४ पासून त्या बेटावर करारबद्ध मजूर जाऊ लागले आणि मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी मजुरांत कोकणातले पुष्कळ होते. ते घोळक्याने गेले, उसाच्या मळ्यांवर एकत्र राहिले आणि पुढे काहींनी जमिनीही घेतल्या. त्या बेटावर उसाच्या शेतांच्या कडेला झाडाखाली कालीमाईची ठाणी आहेत. ती भोजपुरी आणि तमिळ मजुरांच्या परंपरेतली असली तरी आपल्याकडच्या गावदेवीच्या ठाण्याशी त्यांचे रूप जुळते. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. यावरून एक गोष्ट निघते. माणसे समूहाने गेली आणि त्यांच्या पायाखाली थोडी जमीन राहिली, की सामाईक झाडही पुन्हा उभे राहते. १९६५ नंतर अमेरिकेचे दार उघडले आणि इंजिनिअर, डॉक्टर एकेकटे गेले, तिथे असे झाले नाही. भाड्याचे घर, शेजारी अनोळखी, बदलीची नोकरी. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आणि उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. त्यांनी सण सामाईक केले, पण झाड सामाईक करणे त्यांच्या हाती नव्हते. म्हणून तिथे बाग खिडकीशी आली.

ही खिडकीतली बाग म्हणजे गावाची आठवण काढण्याचे साधन, त्याला श्रद्धा म्हणणे अतिशयोक्ती, असे परदेशस्थांबद्दल वारंवार म्हटले जाते. पण आठवण स्वस्त असते आणि तुळस तशी नसते. मुळात माती सोबत नेता येत नाही. बहुतेक देश परकी माती आणि विनापरवाना रोपे विमानतळावरच थांबवतात. ती तिथे मिळवावी लागते, नाहीतर बियांपासून वाढवावी लागते. मंजिरीतले बी मोहरीहून बारीक; ते मातीवर नुसते भुरभुरवायचे, वर मातीचा पातळ थर, आणि ऊब मिळेपर्यंत वाट पाहायची. हे उष्ण देशातले रोप. तापमान दहा अंशांखाली गेले की पाने काळवंडतात आणि पहिल्या दहिवरात ते संपते. म्हणून ऑक्टोबर आला की कुंडी आत घ्यायची, दक्षिणेकडच्या काचेशी ठेवायची, हीटरच्या कोरड्या हवेपासून जपायची, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण पुसून काढायचे आणि इतके करून जानेवारीत उरलेल्या चार पानांवर समाधान मानायचे. कार्तिक शुद्ध द्वादशीला तुळशीचे लग्न लावायचे तर उत्तरेकडच्या देशांत बाहेर पानगळ संपत आलेली असते. ऊस, चिंच, आवळा आणि बोरे शोधत फिरावे लागते. मॉरिशसमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात तोच कार्तिक वसंत ऋतूत येतो आणि तुळस तेव्हा भर वाढीला लागलेली असते. गावात जे रोप आपोआप उगवते, ते इथे केवळ कुणाच्या तरी रोजच्या निश्चयावर जगते. जे इतके मागते आणि तरीही दिले जाते त्याला व्रत म्हणतात. आणि मार्चमध्ये त्या वाळक्या काडीला पहिले कोंब फुटतात तेव्हा होणारा आनंद गावातल्या माणसाला कदाचित कधीच कळणार नाही, कारण त्याची तुळस तशी कधी मेलेलीच नसते.

हे फक्त तुळस पुजणाऱ्यांपुरते खरे नाही. कुलाब्याच्या किनाऱ्यावरून १९४८ नंतर इस्रायलला गेलेले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, आपला मलिदा तिथेही करत आले. भिजवलेले गोड पोहे, खोबरे, फळे आणि सुवासिक पाने-फुले ताटात मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना म्हणायची. धर्म वेगळा, देव वेगळा. पण मातीतून आलेले ताजे हिरवे काही हातात असल्याशिवाय नवस पुरा होत नाही, ही समजूत याच किनाऱ्याची. भाषा विरते, पोशाख बदलतो, पण पान, फूल आणि फळ यांच्यामधून देवाशी बोलण्याची सवय सहसा सुटत नाही. ती जिभेपेक्षा हाताला जास्त लागलेली असते.

तर मग देण्याचे काय? आज भोर-वेल्ह्याच्याच नव्हे तर साऱ्या सह्याद्रीतल्या देवरायांना कुऱ्हाडीइतकाच धोका जीर्णोद्धाराचा आहे. मातीच्या चौथऱ्यावरचे, झाडांच्या गचपणातले ठाणे गावाला अपुरे वाटू लागते. मुंबईचे मंडळ वर्गणी काढते, परदेशी गेलेल्यांकडून मोठी रक्कम येते आणि मोठे सिमेंटचे देऊळ, सभामंडप, फरशी आणि गाडी वळवण्यापुरते पटांगण उभे राहते. त्या पटांगणासाठी जी झाडे जातात तीच खरी देवी होती, हे कुणाच्या ध्यानी राहत नाही. देणाऱ्यांची भावना खोटी नसते. दूर राहिल्याची सल त्यांना देऊन भरून काढायची असते, आणि देणगीचा दगड डोळ्यांना दिसतो, राखलेली सावली पावतीवर लिहिता येत नाही. पण परमुलुखात ज्याने तुळस जगवली आहे त्याला याहून चांगले ठाऊक असायला हवे. फ्लॅटच्या काचेमागे चार पानांसाठी त्याने सहा महिने काळजी घेतली. देव संगमरवरात नसून जगणाऱ्या झाडात असतो हे त्याने स्वतःच्या हातांनी पटवून घेतले. तेच त्याने गावाला सांगितले पाहिजे आणि आपली वर्गणी त्याच अटीवर दिली पाहिजे.

हात आवरण्याची बाग आणि हात लावण्याची बाग यांत एकेकाळी स्पष्ट सीमा होती. आता ती राहिलेली नाही. रस्ते, वणवे, गुरे, पर्यटन आणि बांधकाम यांच्या काळात देवराई नुसती सोडून दिली तर टिकत नाही. तिला कुंपण लागते, वणव्याआधी काढलेले जाळपट्टे लागतात, आतल्याच बियांची रोपवाटिका लागते, झऱ्याची डागडुजी लागते आणि सातबाऱ्यावर तिची नोंद लागते. म्हणजे रोज लक्ष देणारी माणसे लागतात. ही सवय गावाने गेल्या शंभर वर्षांत थोडी गमावली आणि गाव सोडून गेलेल्यांनी, विशेषतः त्यांच्या बायकांनी, ती चाळीच्या डब्यात आणि परदेशी कुंडीत जिवंत ठेवली. नीरेच्या खोऱ्यातून माणसे बाहेर गेली ती पोटासाठी किंवा पाण्याने उठवली म्हणून. श्रद्धा त्यांनी सोबत नेली, तिच्यात आनंद शोधला आणि त्यासाठी कष्ट उपसले. आता त्या कष्टांचा काही वाटा परत या डोंगराला मिळाला पाहिजे: देवळाच्या कळसासाठी नव्हे, देवळामागच्या रानासाठी. मावळातल्या एखाद्या गावाच्या मुंबई मंडळाने पुढच्या जत्रेच्या वर्गणीत देवराईचा राखणदार नेमायचे ठरवले, तर हिरडस मावळाच्या दोन बागांचा इतिहास पुन्हा एक होईल.